कॅचरचा कप्पा

झेन्सव्हिल गावात जुनी बेसबॉल कार्डं, म्हणजे च्युइंगगमच्या पाकिटातून मिळणारी खेळाडूंची चित्रं, जमवणारे पुष्कळ होते. वॉलेस मात्र कुणालाच नको असलेली जमवायचा, एखादा मोसम खेळून विसरले गेलेल्यांची. कार्डं ठेवायच्या प्लास्टिकच्या पानात नऊ कप्पे असतात आणि बेसबॉलच्या संघात खेळाडूही नऊच, म्हणून एका पानाचा तो एक संघ करायचा. रविवारी जेवणं आटोपली की त्याची बायको अर्लीन एकेका कप्प्यावर बोट ठेवून त्या खेळाडूची हकीकत सांगायची. हल्ली तिला पोटच्या मुलांची नावं आठवत नव्हती, पण हे सगळे तोंडपाठ होते. आणि वॉलेसला ती अजून ओळखत होती. तेवढ्यावरच त्याचे दिवस चालले होते.

शेवटच्या पानावर दोन कप्पे रिकामे होते. एकावर तिनं बोट टेकवलं.

"हा अ‍ॅम्ब्रोज टली, तिसऱ्या बेसवरचा. सारखी शिट्टी वाजवायचा, तीही बेसूर."

"असा कुणी नव्हता गं."

"तुझ्या लक्षात राहत नाही, त्याला मी काय करू?"

वॉलेसनं घरातली सगळी पुस्तकं पालथी घातली. टली कुठंच नव्हता. दुखणं वाढलं म्हणायचं, असं ठरवून तो न्हाणीघरात जाऊन रडला.

शनिवारी ड्वेनच्या दुकानात, किरकोळ कार्डांच्या खोक्यात, टली सापडला. कोपऱ्यावर च्युइंगगमचा गुलाबी डाग होता आणि मागच्या बाजूला छोटं व्यंगचित्र, शिट्टी वाजवणाऱ्या खेळाडूचं.

"हे कधी आलं रे?"

"कायम तिथंच असतं की. ही रद्दी तुझ्याशिवाय घेतो कोण? डोळे तपासून घे, म्हाताऱ्या."

अर्लीनचं खरं होतं तर. वॉलेस अक्षरशः धावत घरी आला. कार्ड कप्प्यात सरकवून त्यानं पान तिच्यापुढं धरलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. "हा कोण?"

"अगं, टली. तूच सांगितलंस ना?"

"मी नाही बाई."

वॉलेसची नजर भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडं गेली. फोटोत त्याचा उजवा हात अर्लीनच्या हातात होता. डावा हात खांद्याच्या उंचीवर आडवा पसरलेला होता, आणि त्या हाताखाली कुणीच नव्हतं.

लग्नात आपल्या शेजारी कोण उभं होतं? त्यानं खूप डोकं खाजवलं. आठवली ती फक्त एक बेसूर शिट्टी.

पुढच्या रविवारी त्यानं ते पान कपाटात लपवलं. जेवायला आला तर टेबलावर एकच ताट होतं. ताटाशेजारी तेच पान.

"हा कॅचर," अर्लीन उरलेल्या कप्प्यावर बोट ठेवून म्हणाली. "डावा कान जरा दुमडलेला. कॉफी बशीत ओतून प्यायचा. बायकोवर फार जीव होता त्याचा."

वॉलेसचा हात डाव्या कानाकडं गेला.

"नाव काय त्याचं?"

"थांबा, ओठांवर आलंय."

ती त्याच्याकडं बघून, ओळखदेख नसलेल्या माणसाकडं बघून हसावं तशी हसली.

"तुम्ही ड्वेनच्या दुकानातून आलात ना? त्याचं कार्ड आणलंत?"

वॉलेसनं पान उचलून नाकाशी धरलं.

रिकाम्या कप्प्याला च्युइंगगमचा वास येत होता.