आधी नऊ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे. मधेच कुणी दात काढले, तर मी सरळ उठून झोपायला जाईन. आमचा ताऱ्या थापा मारणाऱ्यातला नव्हता. ऑफिसांमधले टेलिफोन बसवायचा, खांद्यावर कायम तारेचं वेटोळं, म्हणून ताऱ्या.

जानेवारीतला मंगळवार, रात्रीचे अकरा. एका कारखान्याच्या ऑफिसात तो एकटाच होता. सगळे फोन जोडणारं नवं एक्स्चेंज बसवलेलं, त्याचं थोडं सेटिंग उरलं होतं. शिवाय गेटच्या केबिनमधला फोन काढायचा होता. नवा वॉचमन मोबाइलवाला, त्याला तो डबा नको होता. जुने वॉचमनकाका पंधरा दिवसांपूर्वी त्याच केबिनमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

काकांची एकुलती एक लेक लांबच्या शहरात एकटी राहायची. काका रोज रात्री केबिनमधून तिला फोन करायचे. "दार लावलंस का?" एवढंच. मग ती झोपायची. बाहेरच्या लाइनला आधी शून्य, मग नंबर, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. नवं एक्स्चेंज बसवताना ताऱ्यानं ते बदललं. आता शून्य दाबलं की रिसेप्शनचा फोन वाजायचा. बाहेर जायला नऊ, आणि लांबच्या गावाला त्यापुढे शून्य.

काकांनी विचारलं होतं, "नवीन कसं लावायचं रे बाबा?"

ताऱ्या घाईत होता. "उद्या सांगतो, काका."

त्याच रात्री काका गेले. रोजचा फोन आला नाही, बाबा आपल्याला विसरले म्हणून लेक रुसली, तिनंही फोन केला नाही. नंतर ऑफिसात येऊन हे सांगताना ती ढसाढसा रडली. तेव्हापासून ताऱ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तर, केबिनचा फोन काढून त्यानं पिशवीत टाकला आणि रिसेप्शनच्या टेबलाशी येऊन बसला.

टेबलावरचा फोन वाजला.

पडद्यावर केबिनचा नंबर.

त्यानं पिशवीत पाहिलं. फोन तिथंच. वायर गुंडाळलेली.

त्यानं रिसीव्हर उचलला. कुणी बोलेना... नुसता बटणांचा आवाज. टूं... टूं... सावकाश, एकेक. मग शांत. मग खट्.

पुन्हा वाजला. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा ताऱ्याला उमगलं. म्हातारा अजून शून्यच दाबत होता रे...

"काका..." तो म्हणाला, "आता शून्य नाही. आधी नऊ दाबा. मग शून्य. मग पोरीचा नंबर. चुकलं माझं, काका. तेव्हाच सांगायला हवं होतं."



खट्.

टेबलावरच्या फोनवर बाहेरच्या लाइनचा लाल दिवा लागला. थोडा वेळ राहिला. विझला.

ताऱ्या डोळे पुसतोय, तोच बाहेरून फोन आला. त्या लेकीचा आवाज, रडून घोगरा झालेला.

"आत्ता या नंबरावरून... 'दार लावलंस का' म्हणाले. मी हो म्हटलं... बाबा मला विसरले नव्हते हो."



घरी येऊन त्यानं पिशवी उघडली. तो फोन त्याच्या बायकोनं अजून ठेवलाय, मी स्वतः हातात घेऊन पाहिलाय. बाकीची बटणं ठीक आहेत. नऊचं तेवढं आत दबलंय. काही केल्या वर येत नाही.