तीन ठोके

गाणाऱ्याला तानसेन म्हणतात, तसं त्या मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत. त्याच्याजवळ एक लांब सळई असायची. तिचं एक टोक यंत्राच्या पोटाला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे आणि आत कोण कण्हतंय ते सांगायचं. वैद्यानं नाडी बघावी तसं.

एका दुपारी त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

“अरे, आपला छोटा ट्रॅक्टर पुढून आवाज करतोय. डावीकडे वळवला की टक... टक. फोर-व्हीलचा दांडा टाकला की जास्तच.”

“आणि दांडा काढला की?”

“गप्प बसतो. पण दांडा काढून मी तो चढ कसा चढू? वरच्या तुकड्यात फळांचे क्रेट भरून पडलेत. आज रात्री गारठा उतरणार म्हणतात. माल काळा पडला तर वर्ष गेलं. संध्याकाळच्या आत खाली आणायलाच हवा, आणि चालवणारी मी एकटी.”

त्या चढावर एक डावं वळण होतं. वळणाच्या एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खोल ओढा. तिथं पुढचं चाक अडकलं तर काय होईल, ते ताईनं सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही. सळई उचलून निघाला. पण पाय काही उचलत नव्हते, कारण त्या शेडमध्ये तो वर्षभर गेलाच नव्हता.

गेल्या हिवाळ्यात तिथंच हाच आवाज शोधत दोघं बसले होते, तो आणि ताईचा नवरा, त्याचे दाजी. कानसेन डावीकडे ट्रॅक्टरखाली आडवा, कानाला सळई. दाजी उजव्या चाकाशी क्रेट उलटा घालून बसलेले, हातानं चाक फिरवायला. सळई कानाला असताना बोललेलं चालत नाही, म्हणून त्यांची ठोक्यांची भाषा होती. पान्यानं लोखंडावर एक ठोका म्हणजे फिरवा. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे झालं, उठा. दाजी त्या दिवशी म्हणत होते, “मिस्त्री, आवाज माझ्या बाजूला आहे.” आणि हा म्हणाला होता, “दाजी, हात तुमचे, कान माझा.” मग यानं दोन ठोके दिले. चाक थांबलं. बराच वेळ ऐकून हा बाहेर आला, तर दाजी चाकावर हात ठेवून बसलेले होते. तसेच. अंग गार पडत चाललं होतं.

त्यानंतर ट्रॅक्टर सपाटीवर पाणी ओढायला तेवढा निघायचा. चढावर आजच जाणार होता.

कानसेन पोचला तेव्हा आभाळ खाली उतरलं होतं. शेडमध्ये भर दुपारी तिन्हीसांजेसारखं धुरकट. डिझेलचा वास, ओल्या मातीचा, आणि जुन्या गिअर ऑइलचा तो जळक्या लसणासारखा वास. उजव्या चाकाशी तोच क्रेट पालथा होता.

“हा अजून इथंच?”

“कोण उचलणार?” ताई म्हणाली. “तू आधी हवा काय बघतोस चाकांची? ट्रॅक्टर ठोकतोय, धापा नाही टाकत.”

“दोन्ही चाकांत हवा कमीजास्त असली तरी कुरकुरतो तो. कळत नसेल तर गप्प बस.”

“बरं बाबा, कानसेन महाराज!”

हवा ठीक होती. चाकांचे नट घट्ट, शाफ्टचा जॉइंट धड. म्हणजे दुखणं अ‍ॅक्सलच्या आत. त्यानं मागच्या चाकांखाली दगड लावले, पुढचा भाग जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले, दांडा टाकला. ताईला क्रेटवर बसवून ठोके शिकवले.

“तोंडानं सांगायला दात दुखतात का तुझे?”

“सळईतून मग तूच ऐकू येशील, बेअरिंग नाही.”

तो डावीकडे खाली शिरला, उजव्या चाकाकडे पाठ करून. एक ठोका. ताईनं चाक ओढलं, हिसक्यानं. टक. आवाज कानाशीच, डावीकडेच. दोन ठोके. पुन्हा एक. टक. गेल्या वर्षी ऐकला तसाच. डावी बाजू खोलावी असं त्यानं ठरवलं आणि तपासून बघायला शेवटचा एक ठोका दिला.

जरा वेळ काहीच झालं नाही. मग चाक फिरलं.

हळू. एकसारखं. जाणत्या हातानं फिरवावं तसं, मधे हिसका नाही, थांबणं नाही. आणि त्या संथपणात आवाज सुटा झाला. आधी दूर, बारीक... टक. मग तो लोखंडातून चालत चालत इकडे आला आणि कानाशी मोठा झाला. जन्म तिकडे, गाजावाजा इकडे! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असं झालं असतं.

“सापडलं! ताई, तुझ्या बाजूला आहे गं!”

“काय म्हणालास?”

आवाज घराच्या बाजूनं आला. ताई हातात चहाचे कप घेऊन अंगणातून येत होती. “दूध उतू जाईल म्हणून मघाच उठले. तू डोळे मिटून पडलेलास, म्हटलं कशाला हाक मारा.”

कानसेननं मान वळवली. उजवं चाक नुकतंच थांबलं होतं. पलीकडे पाय नव्हते कुणाचे.

ताईला एकटीनं चढ चढायचा होता, तिच्या मनात भूत कशाला घाला? त्यानं उजवी बाजू खोलली. बेअरिंगचा पिंजरा तडकला होता, गोळ्या सैल. दोन वळणं टिकलं नसतं. आता नवं कुठून आणायचं, म्हणून दाजींचा पत्र्याचा डबा उघडला, तर आत ग्रीसच्या कागदात गुंडाळलेलं, त्याच मापाचं कोरं बेअरिंग. दाजींनीच आणून ठेवलेलं.

बेअरिंग बसलं, तेल भरलं. ताई बूट घालायला आत गेली. खात्री करायला तो पुन्हा खाली शिरला. क्रेटवर कुणी नाही, हे या वेळी पाहून शिरला. तरी त्यानं एक ठोका दिला.

चाक फिरलं. आत लोणी कापल्यासारखी शांतता. दोन ठोके. थांबलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. गेल्या हिवाळ्यात थांबा म्हटलं होतं. झालं, उठा... ते कुणी म्हटलंच नव्हतं.

“दाजी,” तो पुटपुटला, “झालं हो.” आणि सावकाश तीन ठोके दिले.

पलीकडे क्रेट करकरला. गुडघे वाजले. “हं...” असा एक सुस्कारा, दाजी उठताना टाकायचे तसा. मग काही नाही. कानसेनचे डोळे भरून आले. बरं झालं, सुटले बिचारे, असं म्हणून तो सळई कानापासून काढणार, तोच...

टक. टक.

सळईच्या दुसऱ्या टोकाकडून. दोन ठोके. सावकाश, समजावून सांगितल्यासारखे.

ताईनं येऊन हाक मारली तेव्हा तो तसाच पडून होता, श्वाससुद्धा धरून. “झालं ना रे? जाऊ मी?” त्यानं नुसती मान हलवली. तिनं हाताला धरून त्याला बाहेर ओढलं, ट्रॅक्टर खाली उतरवून घेतला आणि निघाली. अंधार पडायच्या आत सगळा माल खाली आला. वळणावर हूं की चूं नाही. पुढेही त्या ट्रॅक्टरनं कधी आवाज केला नाही.

पण कानसेनचं बसणं-उठणं त्या दिवसापासून बदललं. ताटावर बसला तर ताट निवलं तरी उठेना. दाराशी उभा राहिला तर उंबऱ्यात पाय अडकल्यासारखा उभाच. कुणी हात धरला की निघायचा, पण मान वाकडी, कान कुठंतरी दूर लावलेला.

एकदा ताईनं विचारलं, “अरे, सारखा कसली वाट बघतोस?”

त्यानं बोट ओठांवर ठेवलं. मग अगदी हळू, जणू बोललेलं कुणाला तरी ऐकू जाईल, म्हणाला,

“तीनची.”