वेस्लीच्या नावावरच्या अकरा चुका

"अकरा? माझ्या वहीत तर चारच आहेत," लॉरेलने कॉलेजचा छापील तक्ता बाकावर आपटला.

सुट्टी लागून तीन दिवस झाले होते आणि तिन्ही दिवस तिचं डोकं तापलेलंच होतं. तिचा भाऊ वेस्ली कॉलेजच्या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा. चार वर्षांत त्याने एकही सामना चुकवला नव्हता. उद्याचा सामना त्याचा शेवटचा, आणि नेमकं त्यालाच बाहेर बसवायचं कोच मॅकनीस यांनी ठरवलं होतं. कारण? या अकरा चुका, म्हणजे त्याच्या हातून सुटलेले अकरा सोपे चेंडू.

वेस्लीला काही विचारावं, तर तो ढिम्म! "जाऊ दे ना. ट्रिप माझा रूममेट आहे," एवढंच म्हणून तो उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता. आता यात तिसऱ्या बेसवरच्या ट्रिपचा काय संबंध?

"तुझीच वही चुकली असेल," मामेभाऊ बो म्हणाला.

"तू गप्प बस. माझ्या शेंगा संपव आणि गप्प बस."

शेजारची इमानी मात्र लॉरेलने सामने बघून लिहिलेली वही आणि तक्ता ताडून बघत होती. "या जास्तीच्या सात चुका बघ. सातही वेळा फलंदाज डावखुरा."

लॉरेलने कपाळावर हात मारला. डावखुऱ्याचा फटका बहुतेक उजवीकडे जातो, म्हणून तो आला की सगळे तिकडे सरकतात. वेस्ली दुसऱ्या बेसच्या पलीकडे जातो आणि त्याच्या जागी ट्रिप उभा राहतो. म्हणजे चेंडू सोडायचा ट्रिपने आणि नाव लागायचं वेस्लीचं!

त्याच दुपारच्या सामन्यात तिघं गार चहा पोचवायच्या निमित्ताने वरच्या काचेच्या खोलीत शिरले. नोंदी ठेवणारे मिस्टर गॅडी शब्दकोडं सोडवत होते. डावखुरा आला. चेंडू सुटला. प्रेक्षक ओरडले, तेव्हा कुठे गॅडींनी मान वर केली आणि लगेच लिहायला घेतलं.

"चूक कुणाची हो?" इमानीने साळसूदपणे विचारलं.

"शॉर्टस्टॉपची. त्या जागेवर दुसरं कोण असणार? अठ्ठावीस वर्षं लिहितोय मी, पोरी."

"मग तिथे डोकं खाजवत उभा आहे तो कोण?" लॉरेलचा आवाज चढला. "वेस्ली तो बघा, पार तिकडे!"

गॅडींनी चष्मा लावला. एकदा वेस्लीकडे, एकदा ट्रिपकडे बघितलं. मग त्यांनी शब्दकोडं बाजूला सारून जुने कागद काढले. संध्याकाळी ट्रिपने आधीच्या सातही चुका मुकाट्याने कबूल केल्या. "पोरांना दिसलं ते मला दिसू नये!" असं पुटपुटत कोचनी वेस्लीचं नाव पुन्हा यादीत घातलं.

दुसऱ्या दिवशी वेस्ली झकास खेळला आणि शेवटच्या डावात एक साधा, सरपटत आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. लॉरेलला वाटलं, आत्ता खाली जाऊन याचे कान उपटावेत. एवढी मरमर केली ती यासाठी?

काचेची खिडकी उघडून गॅडींनी हाक मारली, "काय लिहू, बाईसाहेब?"

सोडून दे, अशा अर्थाने बोने डोळा मिचकावला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"चूक," ती दात-ओठ खात म्हणाली. "वेस्ली प्रुएट. पाचवी."

गॅडींनी तसंच लिहिलं. मग शेजारच्या खुर्चीवरचा पसारा उचलला आणि तिला वर बोलावलं. "पुढच्या वर्षापासून इथे बसायचं. माझ्या शेजारी."