ताईचा संथ चेंडू

सॉफ्टबॉलच्या ग्लोव्हची वादी तुटली ती नेमकी सेमी-फायनलच्या आदल्या दिवशी. नेहमीचं दुकान बंद, म्हणून ती बस डेपोसमोरच्या चामड्याच्या कारागिराकडे शिरली. दुकान अरुंद, आत मेणाचा आणि कोऱ्या चामड्याचा वास. समोर कुणीच नव्हतं. टेबलावर फक्त एक मोठा काळा ग्लोव्ह पडला होता. तिनं सहज उचलला, त्यात बोटं घालणार, तेवढ्यात—

“तो ठेवा खाली. तुमचा नाही तो.”

पडद्यामागून तो बाहेर आला. दातांत दोरा, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर रागावण्याचा प्रयत्न... जो काही केल्या जमत नव्हता.

“डेपोच्या टीममधल्या पिचरचा आहे ना?” तिनं विचारलं.

“कशावरून?”

“उजव्या हाताचा ग्लोव्ह, म्हणजे चेंडू टाकणारी डावखुरी. आणि एवढ्या लांब बोटांची डावखुरी एकच आहे. चार वर्षं तिच्यासमोर बॅट घेऊन उभी राहतेय मी.”

त्यानं दातांतला दोरा काढला. “ती माझी ताई. म्हणजे तुम्ही हॉस्पिटलच्या टीममधल्या... दुर्बीण?”

नाव इथवर पोचलं होतं तर. तिला बरं वाटलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना ‘श्वास रोखा’ म्हणायचं आणि त्यांच्या आतलं बघायचं. संध्याकाळी मैदानावर वेगळं काय करायची? सॉफ्टबॉलमध्ये कॅचर मांडीआड बोटांच्या खुणा करून पिचरला सांगते, वेगवान टाक की संथ. ही दुसऱ्या बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागे, पोचली की त्या खुणा तिला समोर दिसायच्या. मग ती टोपीला हात लावायची किंवा कंबर खाजवायची, आणि बॅट धरलेल्या मैत्रिणीला आधीच कळायचं की काय येतंय. खुणा दिसल्या नाहीत तर ती पिचरलाच वाचायची. कुणाचं कोपर बाहेर येतं, कुणी ओठ चावते. फक्त डेपोची ताई तिला कधी वाचता आली नव्हती.

“मग ही चोरीच झाली की,” वादी ओवता ओवता तो म्हणाला.

“मैदानात, सगळ्यांसमोर, डोळ्यांनी घेतलं तर खेळ. मागच्या दारानं घेतलं तर चोरी.”

“आणि मघाशी? ग्लोव्हमध्ये हात घालत होतात ते?”

तिनं हसून काळा ग्लोव्ह त्याच्याकडे सरकवला.

सेमी-फायनल हॉस्पिटलनं जिंकली. फायनल तीन आठवड्यांनी, आणि समोर डेपोच. त्या तीन आठवड्यांत तिच्या ग्लोव्हला काय साडेसाती लागली कोण जाणे... आधी अंगठ्याची शिवण उसवली, मग मनगटाचा पट्टा, मग पुन्हा वादी.

तिसऱ्या वेळी त्यानं वादीचं टोक उजेडात धरलं.

“झिजून तुटलेली वादी अशी नसते. तिला तंतू सुटतात. ही कात्रीनं कापलीय.”

“असेल.” ती जराही गडबडली नाही. “मग? नवीन घालणार ना?”

“घालतो.” त्याचे कान लाल झाले होते. “जरा वेळ लागेल. बसा.”

ती बसली. तो बोलत राहिला. गप्पांच्या ओघात, सुईत दोरा ओवत, अगदी सहज म्हणाला, “ताईच्या ग्लोव्हची करंगळीची बाजू घट्ट करायचीय. संथ चेंडूसाठी ग्लोव्हआड चेंडूत बोटं रुतवते ना, तेव्हा ती बाजू—”

तो थांबला. सुई हवेतच.

“उघडते,” ती हळूच म्हणाली.

“विसरा हो. मी काही बोललोच नाही.”

“ऐकलेलं विसरता येत नाही मला.”

ती उठली. चार वर्षं ती ताईचं कोपर बघत होती आणि गोष्ट होती करंगळीपाशी. फायनल परवावर आली होती. कॅप्टन, म्हणजे वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर, रोज विचारत होत्या, “दुर्बीण, काही सापडलं का?” आता सापडलं होतं. पण हे तिनं शोधलं नव्हतं, त्याच्या तोंडून निसटलं होतं. आणि तो बोलून गेला होता तिच्यावर विश्वास टाकून...

दुसऱ्या दिवशी दुपारी ती थेट डेपोत गेली. ताई बसमधून उतरत होती. ड्रायव्हरचा खाकी शर्ट, उंची अशी की समोरच्यानं मान वर करावी.

“संथ चेंडूआधी तुमचा ग्लोव्ह उघडतो,” ती म्हणाली. “मला माहीत आहे. उद्या खेळायच्या आधी तुम्हालाही माहीत असावं.”

ताईनं डोळे बारीक केले. “कुणी सांगितलं? आमच्या शहाण्यानं?”

“चुकून बोलला. त्याला रागावू नका.”

“आणि तू हे मला का सांगतेस? गप्प बसून जिंकली असतीस की.”

“जिंकायचंच आहे. पण तुम्हाला वाचून. त्याला वाचून नाही.”

ताई हसली. “त्याच्यात वाचायला आहे काय, बाई? सगळं पहिल्या पानावर लिहिलंय. तुझा विषय निघाला की सुई बोटात घुसते. या आठवड्यात चार पट्ट्या लावल्या मी.”

“उद्या भेटू,” म्हणून ती निघाली. पण फाटकापर्यंत तिची चाल जरा उडतीच होती.

फायनलला ताईनं हिशेब चुकता केला. ग्लोव्हची कड चांगली फाकवली आणि सणसणीत वेगाचा चेंडू टाकला. ती संथ चेंडूची वाट बघत उभी, आणि चेंडू केव्हाच कॅचरच्या हातात. दुसऱ्या खेपेला उलट झालं. ग्लोव्ह गच्च बंद आणि चेंडू तरंगत आला. तिची बॅट कधीच फिरून गेली होती. दोन्ही वेळा असे तीन-तीन चेंडू हुकून ती आऊट झाली. मोठ्या सिस्टर डोक्याला हात लावून बसल्या. तिला मात्र मजा यायला लागली होती.

सातवा, शेवटचा डाव. हॉस्पिटल एका रननं मागे, दोघी आऊट, तिसरी गेली की खेळ संपला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर दोघी जणी. बॅट तिच्या हातात. तिनं ठरवलं, ग्लोव्हकडे बघायचंच नाही. ताईकडे बघायचं... सबंध.

पहिला चेंडू वेगात गेला. दुसराही. दोन स्ट्राइक, आता एकच बाकी.

तिसऱ्या वेळी ताईनं दोन्ही हात जुळवले आणि तिला दिसलं. उजव्या बुटाचं टोक किंचित उचललं गेलं होतं, गाडी हळू करायच्या आधी पाय ब्रेककडे सरकावा तसं. आधीच्या दोन चेंडूंना बूट जमिनीला चिकटून होता.

ताईचा हात खांद्यापासून गरकन फिरला. ती थांबली... अजून थांबली... आणि बॅट फिरवली.

चेंडू दोन खेळाडूंच्या मधून मोकळ्या मैदानात धावत सुटला. बेसवरच्या दोघी जणी होम प्लेटवर पोचल्या, दोन रन. हॉस्पिटलनं फायनल मारली.

मिठ्या, धपाटे, आरडाओरडा संपल्यावर ताई तिच्यापाशी आली. “या वेळी काय दिसलं?”

“पुढच्या वर्षी सांगेन.”

“पुढच्या वर्षी तू आमच्याच घरात असशील बहुतेक. जेवताना विचारीन.” ताईनं मानेनंच बाकांकडे दाखवलं. “जा. तो मघापासून उठतोय आणि बसतोय. टाळ्या कुणासाठी वाजवाव्यात ते ठरत नाहीये त्याचं.”

ती गेली. केसांत धूळ, गुडघा खरचटलेला. तो पुन्हा उभा राहिला.

“ताईनं सांगितलं मला,” तो म्हणाला. “तुम्ही डेपोत गेला होतात ते. दुसरं कुणी असतं तर... म्हणजे मला वाटलं होतं की...”

त्यानं हात उचलला, हवेत काहीतरी केलं, आणि खाली सोडला.

“खुणा वाचते मी, पण त्या मैदानात,” ती म्हणाली. “इथे मला शब्द हवेत.”

त्यानं एक लांब श्वास घेतला. “मला तुम्ही आवडता. फार.”

“‘तुम्ही’ काढून टाक.”

“मला तू आवडतेस.”

“मलाही तू आवडतोस,” ती म्हणाली. इतक्या सरळपणे की त्याला खरं वाटायला क्षणभर वेळ लागलाच.

“कधीपासून?”

“ते कशाला हवंय? आजचं बोल.”

“आज...” तो हसू लागला. “आज ताई घरी आदळआपट करणार. जेवायला येतेस? तू असलीस तर जरा कमी करेल.”

“आईला फोन करून सांगते,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातात बॅट देऊन फोन शोधू लागली.