रूथचा नादाभास

सॅमसन आवळेला या शस्त्रक्रियेतून मिळण्यासारखं होतं ते असं: दोन कान, एक नवा बँड आणि पोटच्या पोरीचा आवाज. जाण्यासारखं एकच होतं, आणि ते मुळात अस्तित्वातच नव्हतं. इतका फायद्याचा सौदा पुढ्यात असताना माणूस मिरजेच्या श्रवण-प्रयोगशाळेत तोंड पाडून का बसतो, हे डॉ. उर्मिला खाडिलकरांना कळत नव्हतं.

'गंधक' हा सॅमसनचा जुना रॉक बँड. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरांनी त्याच्या गिटारवर हौसेने कानठळ्या बसवून घेतल्या. सॅमसनने स्वतःचे कान पुरते घालवले. गाणारी त्याची बायको, रूथ. ती गेली आणि वर्षभरातच ऐकू येणंही गेलं. तेव्हापासून तो समोरच्याचं बोलणं हातातल्या बोलपाटीवर उमटेल तसं वाचायचा आणि उत्तर गरजेपेक्षा मोठ्याने द्यायचा.

"आतल्या कानातल्या केशपेशी मेल्यात," खाडिलकरबाई म्हणाल्या. "आम्ही तिथे बीजद्रव सोडतो. त्या पुन्हा उगवतात."

"मग थोडा इथेही सोडा की!" टकलावरून हात फिरवत सॅमसन ओरडला.

शेजारी बसलेली त्याची मुलगी अबीगेल ओशाळून हसली. बापाचे कान गेले तेव्हा ती शाळेत होती. तिचा आवाज त्यानंतर फुटला, पिकला, लोक तो ऐकायला येऊ लागले. बापाने एकदाही ऐकला नव्हता. आणि आता साठी उलटल्यावर या बापाने नवा बँड काढला होता. ड्रमवर रियाज सतारमेकर. त्याच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सतारी केल्या. याने 'गंधक'चे स्पीकर उचलले आणि ड्रमवर बसायची वाट बघत केस पिकवले. गायला अबी. गिटारच्या लाकडाला हनुवटी टेकवून सॅमसन थरथरीवरून स्वतःचे सूर ओळखायचा, पण बाकीचे कुठे आहेत ते त्याला कळायचं नाही. गाणं संपलं तरी तो वाजवत राही.

"मग अडचण काय आहे?" बाईंनी विचारलं.

"रूथ," सॅमसन म्हणाला. "ती गाते. रोज. आत."

मेंदूचे तज्ज्ञ डॉ. तांबोळी बाजूला बसले होते. ते खुर्ची पुढे ओढून बसले. "मेंदूला शांतता सोसत नाही, आवळेसाहेब. श्रवणकेंद्राला बाहेरून आवाज मिळेनासा झाला की ते साठ्यातलं वाजवत बसतं. याला आम्ही नादाभास म्हणतो. कान सुरू झाले की केंद्राला खरं काम मिळतं आणि नादाभास थांबतो."

"कायमचा?"

"कायमचा."

सॅमसनने बोलपाटी पुन्हा वाचली. "मग एकच कान करा. दुसऱ्यात ती राहील."

बाई हसल्या नाहीत. "केंद्र दोन्ही कानांकडून घेतं. एका कानाचा आवाजही त्याला पुरतो."

"आणखी एक सांगायला हवं," तांबोळी म्हणाले. "केंद्र जे वाजवतं, तेच परत साठवतं. मूळ आवाज जपून ठेवलेला नसतो. दर वेळी नकलेवरून नक्कल."

"कॅसेटवरून कॅसेट!" ही भाषा सॅमसनची होती. "खरखर वाढत जाते. पण हिचं उलटं आहे, डॉक्टर. ही वर्षागणिक साफ होत चाललीय."

तांबोळींनी खाडिलकरबाईंकडे पाहिलं. बोलपाटीवर काही उमटलं नाही.

अबी पुढे वाकली. "पप्पा, आईची रेकॉर्डिंग आहेत. सगळी. आई कुठे जात नाही. मी मात्र..."

बोलपाटीने तेवढंच उमटवलं, टिंबांसकट. सॅमसनने त्या टिंबांवरून बोट फिरवलं.

"कधी करताय?" त्याने विचारलं. जिवंत पोर ऐकायची समोर आणि मेलेली बायको रेकॉर्डवर. म्हटलं तर दोघीही हाताशी. गडी हिशेबाला कच्चा नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर कानांवरची पट्टी सुटली तेव्हा त्याने पहिल्यांदा ऐकला तो भांड्यांचा ट्रे. मग पंखा. मग त्याने डोळे मिटून आत कान लावला. आत कोणी नव्हतं.

रियाजच्या कारखान्यात, सतारींच्या अर्धवट कोरलेल्या भोपळ्यांच्या मध्ये, नव्या बँडची तालीम बसली. अबीने पहिलं कडवं घेतलं. आवाज जाडसर, ओळ संपायच्या आधीच श्वास घेणारा, वरच्या सुराला किंचित खाली राहणारा. सॅमसनच्या गिटारने तिची साथ सोडली नाही. ती थांबली तिथे तोही थांबला, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. अबीने ते पाहिलं आणि तिला पुढची ओळ म्हणवेना.

"दादा, डिट्टो वहिनी!" रियाजने काड्या खाली ठेवल्या. "तोच श्वास. तोच वरचा चुकार सूर."

सॅमसनने गिटार बाजूला ठेवली. "रूथचं लाव," तो म्हणाला.

रियाजने 'गंधक'चं जुनं गाणं लावलं. गिटार सॅमसनची, ती त्याने लगेच ओळखली. मग कोणी बाई गाऊ लागली. जाडसर आवाज, ओळ संपायच्या आधीच श्वास, वर किंचित खाली राहणारी. रियाज बाहीने डोळे पुसत होता. सॅमसन रूथ कधी सुरू होते याची वाट बघत राहिला. गाणं संपलं.

इतकी वर्षं नकलेवरून नक्कल काढताना त्याच्या मेंदूने एकेक चूक पुसली होती. पुसण्यासारख्या त्या चुका, तेवढीच रूथ होती.

"पप्पा," अबीने विचारलं, "मी खरंच आईसारखी गाते?"

"हुबेहूब," सॅमसन म्हणाला. ते खोटं नव्हतं. दोन्ही आवाज सारखेच होते आणि दोन्ही त्याच्या ओळखीचे नव्हते.

तिने गाणं पुन्हा लावलं.

तसं पाहिलं तर सगळ्यांचं भलं झालं. खाडिलकरबाईंच्या केशपेशी उगवल्या, रियाजला ड्रम मिळाले, अबीला ऐकणारा बाप मिळाला. सॅमसनचं गेलं ते अस्तित्वातच नव्हतं. अस्तित्वात होती ती रूथ, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. ती तिकडे रेकॉर्डवर नवऱ्याच्या गिटारला बिलगून जीव तोडून गात होती, आणि नवरा मान हलवत ताल धरून बसला होता, परक्या बाईच्या गाण्याला धरावा तसा.