अनोळखी बोट

“प्लीज ट्राय अगेन!”

दारावरच्या काळ्या पेटीतली बाई तिसऱ्यांदा तेच बोलली, निळा दिवा लाल झाला, आणि आत टेबलावर वाढून ठेवलेलं ताट डोळ्यांपुढे आणत इंदूबाई स्वतःच्याच घराच्या... छे, भावाच्या घराच्या पायरीवर ओले हात घेऊन उभी राहिली. दुपारी एकला पाणी येतं म्हणून फाटकाजवळच्या टाकीचा कॉक फिरवायला ती बाहेर आली काय, वाऱ्याने दार ढकललं काय, आणि ते आपलं आपण लागून मोकळं झालं काय!

“अगं बये, मी हाय! सकाळी तुला फडक्यानं पुसली ती कोन व्हती?”

पेटी गप्प. तीनदा चुकलं की ती पाच मिनिटं रुसायची.

नेरळच्या या घरांच्या ओळीत मागच्या महिन्यात भरदिवसा दोन घरं फुटली, तेव्हा इलेक्ट्रॉनिक कुलूप घ्यायचं ठरलं. चार दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता. इंदूबाईचा धाकटा भाऊ किरण मोबाईलवर चित्रं दाखवायचा आणि त्याची बायको नम्रता चष्मा लावून ती बघायची. शेवटी दोन कुलपं उरली. एक आकडे दाबायचं, अडीअडचणीला लोखंडी किल्ली असलेलं. दुसरं नुसत्या बोटाचं, गुळगुळीत, किल्लीला भोकसुद्धा नसलेलं.

“आकड्यांचंच घेऊ,” नम्रता म्हणाली. “किल्ली तरी राहील हाताशी.”

“आणि आक्काला सहा आकडे लक्षात राहणार?” किरण हसला. “आक्का, तुझं बोट हीच तुझी किल्ली. हरवायची भीतीच नाही!”

इंदूबाईच्या ओठांवर शब्द आले होते. माथेरानच्या हॉटेलातल्या धुलाईघरात बावीस वर्षं कुठल्या खोलीच्या किती चादरी, किती अभ्रे, हे वहीशिवाय घडाघडा सांगणारी ती... तिला आकडे राहणार नाहीत? पण किरण इतक्या लाडाने बोलला होता, की आलेले शब्द तिने भाताच्या घासाबरोबर गिळून टाकले. जन्मभर तिने दुसरं केलं काय होतं!

बापामागून आईही गेली तेव्हा किरण सहा वर्षांचा होता आणि ती सतरा. “भाऊ बरोबर आणायचा नाही,” म्हणणारी दोन स्थळं तिने परत पाठवली आणि कोंडाणे गावातलं घर बंद करून ती माथेरानच्या डोंगरावर कामाला गेली. ती सोड्याच्या गरम पाण्यात चादरी बुचकळत राहिली आणि भाऊ शाळेतून कॉलेजात गेला, कॉलेजातून नोकरीत... तिच्या बोटांवरच्या रेषा मात्र त्या पाण्याबरोबर गटारात गेल्या. त्यांची चौकशी करायला कोण जाणार होतं!

कुलूप बसवणाऱ्या माणसाने सहा वेळा तिचं बोट टेकवून घेतलं होतं. कोमट पाण्यात हात भिजवून, वर खोबरेल चोळल्यावर सातव्यांदा पेटी कशीबशी कबूल झाली. “रोज तेल लावत जा, आजी,” तो म्हणाला. बावन्नाव्या वर्षी आजी! मोबाईलवर ‘आक्का’ असं नाव चढलं, किरणने तिला पेढा भरवला... आणि दुसऱ्या दिवसापासून पेटीने ओळख सोडली.

तिने तेल लावलं. थुंकी लावली. गोड बोलून पाहिलं, शिव्याही घातल्या. चार दिवसांतून एकदा पेटी माणसात यायची, एरवी नाही. दाराखाली चप्पल सरकवली, तर उघडं दार सहन न होऊन ती अशी किंचाळायची की शेजारच्या गॅलऱ्या माणसांनी भरायच्या. मग नम्रता कर्जतच्या शाळेतून पाचला परत येईपर्यंत पायरी गाठायची, दुसरं काय!

“आक्का, ऊन उतरल्यावर तरी बसत जा ना बाहेर,” नम्रता वैतागायची.

“वारा बरा लागतो गं इथं.”

सोबतीला असायचा तो भाजीवाला पोपट. कोंडाण्याकडून भाजीची पाटी घेऊन येणारा हा पन्नाशीचा माणूस दुपारी त्यांच्या पायरीच्या सावलीत टेकायचा आणि आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी इंदूबाईपुढे ठेवायचा.

“भावाला सांग की, आक्का.”

“नाय रं. केवढ्या हौसेनं आनलंय त्यानं. वाईट वाटंल त्याला. तू पन बोलायचं नाय, माझी शप्पत हाय!”

“बरं, नाय बोलत. पन या कुलपापरीस आमची कडी बरी. मानसाला भाईर ठेवत नाय.”

आजही पोपटने भाकरीचं फडकं सोडलं आणि इंदूबाई घराच्या बाजूच्या नळावर हात धुवायला गेली, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. मागोमाग किरणचा आवाज कानांवर आदळला.

“सापडलास! तीन आठवडे रोज दुपारी माझ्या दाराला बोट लावतोस?”

ती धावत आली. किरणने पोपटची गचांडी धरली होती. दुसऱ्या हातात मोबाईल होता, त्यावर लाल अक्षरांची रांगच्या रांग. “हे बघ, कुलूप मला कळवतं; पेटीच बिघडली समजत होतो, म्हणून आज मुद्दाम बघायला आलो. अनोळखी बोट, अनोळखी बोट! आत माझी बहीण एकटी असते रे! चल, चल चौकीवर!”

“मी नाय, सायेब.”

“मग कोण? बोल ना! रोज इथेच बसतोस, तुला माहीत असेलच!”

पोपट मान खाली घालून उभा राहिला. पाटी कलंडून भेंडी रस्त्यावर सांडली, तरी तो एक अक्षर बोलला नाही... शपथ पाळत होता तो! त्या मुक्या इमानाने इंदूबाईचं अंतःकरण विदीर्ण झालं. आपलं दुःख आपण गिळायचं, हे ठीक. पण ते दुसऱ्याच्या गळ्याला लागलं तर?

“सोड त्याला, किरण!”

“आक्का, तू मध्ये पडू नकोस. तू आत जा.”

“आत जा?” तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे वाहू लागले. “आत जाता आलं असतं तर गेले नसते का रं? तीन आठवडे या पायरीवर बसून हाय मी... त्ये अनोळखी बोट माझं हाय!”

ती सरळ दाराशी गेली आणि तिने पेटीवर बोट टेकवलं.

“प्लीज ट्राय अगेन!”

किरणच्या हातातला मोबाईल थरथरला. अनोळखी बोट.

पोपटची गचांडी आपोआप सुटली. किरणने बहिणीचा हात हातात घेतला, उन्हाकडे धरला आणि कित्येक वर्षांत प्रथमच नीट पाहिला. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत बोटं...

“आक्का, बोलली का नाहीस गं?”

“तू इचारलंस का? चार दिस कुलूप निवडत व्हता तुमी. आक्का, तुला कंचं जमंल, असं एकदा तरी इचारलंस? नुसतं सांगितलंस! आनि मी बी येडी... म्हनलं, भाऊ हौसेनं आनतोय...” पुढचं हुंदक्यात बुडालं.

किरण खाली वाकला आणि रस्त्यावरची भेंडी एक एक करून पाटीत भरू लागला. शेवटी त्याने हात जोडले. “चुकलो, दादा.”

“माफी ऱ्हाऊ द्या, सायेब,” पोपट म्हणाला. “आदी आक्काला जेवू घाला. रोज माजी अर्धी भाकरी जाते.”

संध्याकाळी सगळं कळल्यावर नम्रता इंदूबाईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. “तुम्ही दुपारच्या एकट्या असता म्हणून तर कुलूप घेतलं, आणि तुम्हालाच बाहेर ठेवलं आम्ही!”

रविवारी तिघंही कर्जतच्या दुकानात गेली. दुकानदार सवयीने किरणशी बोलू लागला, तर किरण म्हणाला, “यांना दाखवा. निवडणार त्या आहेत.” इंदूबाईने पदर खोचला. लाईट गेल्यावर हे काय करतं? सेल संपले तर? दार उघडं राहिलं की बोंबलतं का? दुकानदाराला घाम फोडून तिने आकड्यांचं घेतलं, किल्लीवालं.

नवं कुलूप बसलं. “आकडे तूच टाक, आक्का,” किरण म्हणाला.

तिने क्षणभरही न अडखळता टाकले. शून्य, चार, सात, तीन, एक, सहा.

“हा कुणाचा जुना फोन नंबर?” किरणने विचारलं.

“नाय रं. तुझा दहावीच्या परीक्षेचा नंबर. निकालाच्या दिशी चादरी पिळताना दिसभर जपत व्हते. सांजच्याला हाटेलातनं मास्तरांना फोन लावला, तवा पास म्हनाले... तुला नाय आठवत?”

किरणला आठवत नव्हता. तो नम्रताच्या हातातला चष्मा घेऊन उगाचच पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने दाराशी उभं राहून आकडे दाबले. चुकले. पुन्हा चुकले. तिसऱ्यांदाही! इंदूबाईने आतून दार उघडलं तेव्हा तो ओशाळून उभा होता.

“किती चुकला?”

“शेवटचे दोन आठवेनात.”

“मग बस पायरीवर. पाठ केल्याबिगर आत यायचं नाय.”

तो खरोखरच बसला. ताटलीत अर्धी भाकरी आणि ठेचा घेऊन तीही बाहेर आली, त्याच्या शेजारी टेकली. मागे वाऱ्याने दार ढकललं, ते आपलं आपण लागलं. इंदूबाईने वळूनसुद्धा पाहिलं नाही.