पाठीचं माप

तळघरात दिवा नव्हता म्हणूनच मी तिथे गेले. सगळ्या इमारतीत निवांत रडता येईल अशी जागा तेवढीच होती... हाताने चाचपत एक बाक सापडला. त्यावर बसले, रुमाल तोंडाशी धरला आणि हमसून हमसून रडायला लागले.

खटकन दिवा लागला.

दारात एक उंच माणूस उभा होता. एका हातात झाडू, दुसरा हात अजून बटणावर.

"रडा, रडा," तो म्हणाला. "फक्त जरा पलीकडच्या बाकावर सरका. हा तिरका आहे, माणूस घसरतो."

मी आजूबाजूला पाहिलं. लोखंडी दांडे, वजनाच्या चकत्या, भिंतभर आरसा – आणि आरशात माझं लालभडक नाक.

"ही जिम आहे?"

"संध्याकाळी असते. दुपारी रडणाऱ्यांसाठी ठेवावी का, विचार करतोय."

मला हसू आलं. नाकातून, नको तसं.

वरच्या मजल्यावर तयार कपड्यांची कंपनी होती आणि मी तिथली फिटिंगची मुलगी होते. म्हणजे नवा कपडा बाजारात जाण्याआधी त्याचा पहिला नमुना माझ्या अंगावर चढायचा. कटिंग मास्तर टाचण्या लावायचे, मॅडम लांबून डोळे बारीक करून बघायच्या आणि मग माझ्या मापावर ढिगाने कपडे कापले जायचे. लेबलवर 'मीडियम' असं लिहिलेलं असतं ना... ती मी.

त्या दिवशी शर्ट अंगावर बसेना. उजवा खांदा उतरलेला, पाठीला पोक, पोट पुढे आलेलं. मास्तरांनी दोनदा शिवण उसवली, मग खडू खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "बाळ, शर्टात खोट नाही गं." मॅडमनी मला काट्यावर उभं केलं. वजन होतं तेवढंच होतं. "मग आकार कुठे गेला?" त्यांनी विचारलं. पुढच्या सीझनचे नमुने येईपर्यंत मला मुदत मिळाली.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण पुरुष बघतात तसं नाही – पडायला आलेल्या भिंतीकडे गवंडी बघतो तसं.

"घरी कुणाला उचलता?"

मी दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"एकाच बाजूने उचलता. कमरेतून वाकून."

आईला. दोन वर्षांपूर्वी तिचं डावं अंग लुळं पडलं होतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत पलंगावर... वडील मी शाळेत असतानाच गेले होते. दादा दुसऱ्या शहरात. मी कामावर असताना शेजारीण तिच्याकडे बघायची. फोनवर तो म्हणायचा, "तिला एखाद्या संस्थेत ठेवू या." आई पलंगावरून ऐकायची आणि वाकड्या ओठांनी म्हणायची, "ठेवा की... माळ्यावर ठेवा."

"मी खाणं कमी करू का?" मी विचारलं. "निदान पोट तरी..."

"काय कमी करणार? वजन अगदी बरोबर आहे तुमचं. अंगात ताकद उरलेली नाही, म्हणून सगळं खाली ओघळलंय. आकार उपासाने येत नाही. स्नायूंनी येतो. आणि सावकाश येतो."

"किती सावकाश?"

"कंटाळा येईल इतका."

"व्यायामाचा की तुमचा?"

 तो मानेपासून कानापर्यंत लाल होत गेला. एवढा मोठा माणूस इतका पटकन लाजतो – मला मजाच वाटली.

सगळे त्याला कोच म्हणायचे. मीही म्हणायला लागले. तो मला म्हणायचा, मीडियम.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली जायचे. पहिले काही दिवस त्याने मला वजनाला हातच लावू दिला नाही. फक्त उठबस, फक्त भिंतीला पाठ टेकून हात वर-खाली. मग हलका दांडा आला. मग त्यावर चकत्या.

"कंबर वाकवू नका. बूड मागे न्या. दार ढकलायचंय आणि दोन्ही हातात पिशव्या आहेत, असं समजा."

"कोच, तुम्ही बायकांशी नेहमी असंच बोलता?"

"कसं?"

"बूड वगैरे..."

परत कान लाल. "मीडियम, दांडा उचला."

दांडा उचलताना तो मागे उभा राहायचा, मला हात न लावता, पण हात तयार ठेवून. त्याच्या अंगाला साबणाचा आणि लोखंडाचा वास यायचा. आरशात आमची नजर भिडली की आधी तो बघणं टाळायचा, मग मी... मग दोघंही नाही.

पण मुदत जवळ येत होती आणि टेपवर काहीच दिसत नव्हतं. मी मूर्खपणा केला. सकाळचं खाणं बंद केलं, मग रात्रीचं. माझ्या वाटणीचं आईला भरवायचं आणि आपण चहावर राहायचं. एका दुपारी दांडा गुडघ्यापर्यंत आला आणि आरशातलं सगळं पांढरं झालं.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर होते आणि तो माझ्या छातीवर कान ठेवून वाकला होता. त्याचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. राखेसारखा.

"काय खाल्लंस?" तो ओरडला. "सकाळपासून काय खाल्लंस? बोल!"

रागाच्या भरात तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता.

मी खरं सांगितलं. तो उठला, भिंतीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मग सांगायला लागला – आरशाकडे बघत, माझ्याकडे नाही.

ही जिम दोघा भावांची होती. धाकटा दिसायला चांगला, तब्येतीने ठणठणीत. कशाचीच गरज नव्हती त्याला. पण त्याला आकार हवा होता आणि लवकर हवा होता. कुणीतरी त्याला इंजेक्शनं आणून दिली. खांदे भरले, छाती फुगली, लोक वळून बघायला लागले. मोठ्या भावाला शंका आली होती... पण धाकटा एवढा खूश होता, की विचारायचं राहून गेलं. एका संध्याकाळी व्यायाम करता करता तो खाली बसला आणि उठलाच नाही.

"इथेच," कोच म्हणाला. "तू पडलीस ना, तिथून चार पावलांवर."

"मग तुम्ही ही जागा बंद का नाही केली?"

"दुसऱ्या कुणी घेतली असती. इंजेक्शनांसकट."

 त्या दिवसापासून मी जेवायला लागले. सुट्टीत तो समोर बसून माझा डबा तपासायचा – अंडी आहेत का, दही आहे का, डाळ किती. "शाळेत असल्यासारखं वाटतंय," मी कुरकुरायचे. "मग शहाण्यासारखं संपव," तो म्हणायचा. 'तू' तसंच राहिलं.

एका रविवारी तो घरी आला, आईला कसं उचलायचं ते दाखवायला. आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हा... तुझा पहिलवान?"

"माझा नाही गं आई, जिमचा."

"मग जिमने... एवढे केस विंचरून... पाठवला का?"

कोचने घाईघाईने केसांवरून हात फिरवला. आई अर्ध्या तोंडाने हसली. कितीतरी महिन्यांनी.

त्याने मला तिच्या जवळ उभं केलं. पाय कुठे ठेवायचे, तिला छातीशी कसं घ्यायचं, श्वास कधी सोडायचा. मी उचललं – आणि आई अलगद वर आली. मी तिला खुर्चीत ठेवलं. तिने उजव्या हाताने डावा खांदा चाचपला. मग म्हणाली, "आज... दुखलं नाही."

तोपर्यंत मला वाटत होतं, की उचलताना फक्त मलाच दुखतं. दोन वर्षं ती दात आवळून गप्प राहिली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. कोच दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. गेलाही नाही.

नमुने आले. मी आरशापुढे उभी राहिले तेव्हा मलाच नवल वाटलं – दोन्ही खांदे एका रेषेत, पोट आत, मान उंच. काट्यावर वजन मात्र जिथल्या तिथे! मास्तरांनी शर्ट चढवला, खांद्याची शिवण बघून खुशीत मान डोलावली. मग मागे गेले आणि थांबले. टेप लावला. परत लावला.

"पाठ रुंद झालीये गं," ते पुटपुटले. "दंडही भरलेत."

मॅडम वाईट नव्हत्या. "छान दिसतेस," त्या म्हणाल्या, "पण हे आमचं माप नाही." संध्याकाळी माझ्या जागेवर दुसरी मुलगी बघायला सुरुवात झाली. मास्तरांनी मात्र हट्ट धरून मला आपल्या कटिंगच्या टेबलाशी ठेवून घेतलं. "ही कापडाचे तागे एकटी उचलते," त्यांनी मॅडमना सांगितलं. तेवढं एक बरं झालं.

त्याच आठवड्यात आईला दुसरा झटका आला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. असं का सांगतात, ते आम्हा दोघींनाही कळलं.

"रस्त्यावर... बसायचंय," आई म्हणाली.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांत आई दवाखान्याखेरीज खाली उतरली नव्हती आणि तेही स्ट्रेचरवर बांधून. मी कोचला फोन केला. तो आला तेव्हा मला वाटलं, तोच तिला उचलेल. पण तो म्हणाला, "तू घे. मी पुढे एक पायरी खाली राहतो."

मी आईला पाठुंगळी घेतलं. तिचा लुळा हात माझ्या गळ्याशी रुमालाने बांधला. एकेक पायरी... कोच माझ्याकडे तोंड करून उलटा उतरत होता, दोन्ही हात पसरून, एकदाही हात न लावता. आईचा श्वास माझ्या कानाला लागत होता. दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "पाठ... पलंगापेक्षा बरीये."

मी हसले, माझ्याबरोबर तीही हलली. कोच घाबरून ओरडला, "हसवू नका तिला, काकू!"

आई रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसली. सायकली गेल्या, शाळा सुटली, एका बाईच्या पिशवीतून बटाटे घरंगळले. ती सगळं बघत होती, खायला मिळाल्यासारखं. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो. एकदा तिने कोचला जवळ बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पहाटे झोपेतच गेली.

दादा आला, रडला, गेला. कोच शेवटच्या निरोपाला आला होता, पण लांबच उभा राहिला. मग तो दिसलाच नाही. मी खालीही गेले नाही... कशासाठी जायचं? उचलायला कुणी उरलं नव्हतं.

एका दुपारी मी आईचा पलंग सोडवत बसले होते. दार उघडंच होतं. तो आत आला, न बोलता दुसऱ्या बाजूचे बोल्ट काढायला लागला.

"तुम्ही जेवताय ना?" त्याने मान खाली घालूनच विचारलं.

"परत 'तुम्ही'?"

"सोपं जातं."

"काय सोपं जातं?"

त्याने पाना खाली ठेवला. "लांब राहायला." मग हातातला बोल्ट फिरवत म्हणाला, "मला एखादं माणूस आवडायला लागलं ना... की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. छातीकडे बघतो, श्वास चाललाय ना म्हणून. तू जिन्यात होतीस तेव्हाही मी तेवढंच बघत होतो. असं माणूस कुणाच्या काय कामाचं?"

"आई काय म्हणाली होती तुला?"

माझ्या तोंडून 'तुला' निघालं. मी ते मागे घेतलं नाही.

"म्हणाल्या, ही विचारणार नाही. तूच विचार." त्याचा आवाज फाटला. "मला जमत नाही गं..."

"मग मीच विचारते," मी म्हटलं. "राहशील माझ्याबरोबर?"

त्याने मान हलवली. हो म्हणून, मग परत हो म्हणून. आणि मग तो रडायला लागला – इतकी वर्षं साठवलेलं, मोठ्याने, भावाचं नाव घेत. मी उठले, पाय नीट रोवले आणि त्याला जवळ घेतलं. तो मावत नव्हता माझ्या हातांत. हळूहळू त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं.

मी हलले नाही.